मावशी जिथे थांबते

सत्यशीलाला आपल्या नाकाचा अभिमान कधीच नव्हता. हे नाक आपल्यालाच का मिळालं आणि ते परत करायची काही सोय आहे का, याचा विचार करण्यातच तिची बरीच वर्षं गेली. पुण्याच्या दक्षिणेकडच्या एका मोठ्या ट्रस्टच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग आहे. तिथे ती एकोणीस वर्षं आया आहे. आया हा शब्द हजेरीच्या कागदापुरता. तोंडी सगळे मावशी म्हणतात, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणतात.

विभागात चौदा काचेच्या पेट्या आहेत. एकेका पेटीत एकेक बाळ. आपण ज्याला बाळ म्हणतो तसलं नव्हे. दंड करंगळीएवढा, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसाव्यात. आठशे ग्रॅम, हजार ग्रॅम, फार तर बाराशे. एवढ्या वजनाची साखर आपण दुकानातून आणतो आणि न बघता डब्यात ओततो. इथे तेवढ्याच वजनाच्या उशाशी तीन-तीन यंत्रं बसवलेली असतात, आणि त्यातलं एक जरी गप्प झालं तरी चार माणसं धावत येतात.

सत्यशीलाचं काम साधं. दारात चप्पल काढायची, बांगड्या उतरवायच्या, मंगळसूत्र पोलक्यात पिनेने अडकवायचं, कोपरापर्यंत हात धुवायचे. मग एकेका पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घालून लंगोट बदलायचा, ओला लंगोट छोट्या काट्यावर ठेवायचा, आकडा तक्त्यावर लिहायचा. त्यावरून बाळाला लघवी किती झाली ते डॉक्टरांना कळतं. लंगोट इस्पितळातच शिवलेले असतात, हातरुमालाच्या निम्मे. दिवसाकाठी शंभर-सव्वाशे लंगोट तिच्या हाताखालून जातात, आणि ओघानेच नाकाखालूनही.

तर या बाळांच्या शीला तसा वास नसतोच. आईचं दूध पोटात जायला लागलं की ताकाच्या रवीला येतो तसला आंबूस वास येतो. तो आला की सत्यशीलाला बरं वाटतं. पण महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या सकाळी लंगोट उलगडताना निराळाच वास येतो. गोडसर. झाकण घट्ट लावून विसरलेल्या ओल्या कणकेचा असावा तसा, आणि त्याच्या तळाशी काहीतरी लोखंडी. इतका पुसट की दुसऱ्यांदा नाक नेलं तर सापडत नाही. त्या वेळी बाळ छान असतं, दूध पचवत असतं, वजन वाढवत असतं. दोन दिवसांनी त्याचं पोट फुगतं. नळीतून हिरवं पाणी येतं, शीतून रक्त जातं. आतड्याला सूज येऊन ते जागोजाग मरायला लागतं. डॉक्टर या आजाराला तीन इंग्रजी अक्षरांनी ओळखतात. त्या अक्षरांचा उच्चार झाला की विभागात कुणी मोठ्याने बोलत नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिला हा वास पहिल्यांदा आला. पहिल्यांदा म्हणजे इथे पहिल्यांदा. तिने इन्चार्ज सिस्टरना सांगितलं. ती मूळची पुलगावकडची, लग्नानंतर नवऱ्याच्या, बद्रीनाथच्या, कारखान्यातल्या नोकरीपायी बिबवेवाडीत आलेली. तेव्हा तिच्या बोलण्याला वर्ध्याचा वास होता. ती म्हणाली, "सिस्टर, पाच नंबरचं लेकरू बरं नाही वाटून राहिलं मले." सिस्टरनी चष्म्यावरून पाहिलं. "मावशी, तुमचं नाक एवढं हुशार आहे, तर त्याला एमडीच्या परीक्षेला बसवू या. तोवर आपण लंगोट बदला." पाच नंबरचं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं.

दुसऱ्या वेळीही कुणी ऐकलं नाही. तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. चौथ्या वेळी तिने तोंडातून ब्र काढला नाही, नुसती लंगोट हातात धरून पेटीशी दोन मिनिटं उभी राहिली, आणि तेवढं पुरलं. माणसांचं असं असतं. सांगितलेलं कानावर पडत नाही, पण न सांगितलेलं बरोबर दिसतं. मावशी थांबली की ते बाळ आजारी पडतं, हे हळूहळू विभागाच्या भिंतींना कळलं. तिच्या नाकाला कळतं म्हणून ती थांबते, असं कुणी म्हणालं नाही. ती थांबते म्हणून होतं, असंच सगळ्यांनी धरलं. पेट्यांच्या मुठींना काळे दोरे दिसायला लागले. सिस्टर ते कात्रीने कापून टाकत, दुसऱ्या दिवशी नवे.

बाळांच्या आईंसाठी म्हणून एक खोली आहे, तिथे पंपाने दूध काढतात. जुनी आई नव्या आईला तिथलं सगळं शिकवते. पंपाचं बटण कुठलं, बाटलीवर नाव-तारीख कुठे लिहायची, कुठल्या सिस्टरना प्रश्न विचारू नयेत. आणि शेवटी, दाराकडे एकदा बघून, ती नागपूरकडची मावशी तुझ्या पेटीजवळ किती वेळ थांबते त्यावर लक्ष ठेव. नागपूर आणि पुलगाव यांत फरक आहे, पण पुण्यात तो कोण बघतो.

सत्यशीलाला हे सगळं ठाऊक होतं. त्याचं दुःख होतंच, पण त्याहून वाईट म्हणजे तिला ते खोटं वाटत नव्हतं. तिचं स्वतःचं पहिलं बाळंतपण पुलगावला घरी झालं होतं, सातव्या महिन्यात. नवव्या दिवशी मुलगा गेला. त्याच्या आदल्या दोन दिवसांत त्याच्या दुपट्याला हाच वास होता. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती, वासाचा अर्थ तिला कळला नाही. पण मग तो वास तिथून चारपाचशे मैलांवर, इतक्या वर्षांनी, या वातानुकूलित खोलीत आला कसा? मधल्या सगळ्या वर्षांत त्या वासाबरोबर होतं कोण? तीच. बिबवेवाडीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती आपली बोटं नाकाशी धरायची. घरी गेल्यावर बद्रीनाथसमोर हात धरायची. तो मुकाट्याने वास घ्यायचा आणि म्हणायचा, साबणाचा येतोय. तिचा विश्वास बसायचा नाही.

गेल्या वर्षी विभागात डॉक्टर उत्कर्षा आली. वयाने तिशीची, बोलायला भराभर, पायात रंगीत मोजे. तिला या बाळांच्या पोटातल्या जंतूंचा अभ्यास करायचा होता. रोजच्या रोज प्रत्येक लंगोटातून काडीवर घेतलेली चिमूटभर शी छोट्या नळीत घालायची, वर नंबर टाकायचा आणि उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायची. हे काम अर्थातच आयांच्या वाट्याला आलं. सिस्टरनी नाकं मुरडली, सत्यशीलाने प्रश्न विचारला. हे काहून करता, बाई?

उत्कर्षाला कुणी प्रश्न विचारला की आनंद व्हायचा. तिने स्टुलावर बसून समजावलं. बाळ आईच्या पोटात असतं तेव्हा त्याचं आतडं म्हणजे रिकामं घर. बाहेर आल्यावर जो जंतू आधी आत शिरतो, तो जागा धरून बसतो. वेळेवर जन्मलेल्या बाळात आईकडचे, दुधातले चांगले जंतू आधी पोचतात आणि मग वाईटांना जागा उरत नाही. या बाळांचं सगळं उलटं होतं. आधी औषधं, नळ्या, मग लोकांचे हात, मग दूध. चुकीचे जंतू वाढले की ते दूध कुजवतात, वायू करतात, आणि आतडं बिघडतं. कुठले जंतू, केव्हा वाढतात, हे आजाराआधी कळलं तर दूध थांबवून, औषध देऊन बाळ वाचवता येईल. "म्हणजे मावशी, आजार दिसायच्या दोन-तीन दिवस आधी शीमध्ये बदल होत असणार. फक्त आपल्याला तो ओळखता येत नाही."

सत्यशीलाने हातातली काडी खाली ठेवली. मग तिने वासाचं सांगितलं, अठरा वर्षांत पहिल्यांदा, अगदी सगळं. उत्कर्षा हसली नाही. तिने वहीत लिहून घेतलं, आणि मोठ्या डॉक्टरांशी भांडून एक गोष्ट मान्य करून घेतली. मावशींना वास आला तर त्यांनी सांगायचं, आणि त्यांनी सांगितलं की त्या बाळाचं दूध थांबवून पोटाचा एक्स-रे फोटो काढायचा, रक्त तपासायचं. दिवाळीनंतर तीन नंबरच्या बाळाच्या वेळी तसं झालं. फोटोत आतड्याची सूज नुकती सुरू झालेली दिसली. सात दिवस औषध, आणि बाळ महिन्याभराने वारज्याला आपल्या घरी गेलं. उत्कर्षाने पेढे वाटले. दूध काढायच्या खोलीत मात्र एवढंच पोचलं की मावशी तीन नंबरजवळ थांबली आणि त्याच दिवशी त्याला सुया लागल्या.

आणि सत्यशीलाला काय वाटलं? तिला वाटलं, जे आपणच आणलं ते या वेळी आपणच बाहेर काढलं, बस. डॉक्टरीणबाईंच्या एका वाक्याने तिला धरून ठेवलं होतं. मग लोकांचे हात.

जानेवारीत सात नंबरच्या पेटीत एक मुलगी आली. तिसाव्या आठवड्यात जन्मलेली, अकराशे पन्नास ग्रॅम. आई जिनत, बाप फैझल. फैझल हिंजवडीत नोकरीला. फैझलची आई नसीमबानू, शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. तिच्या सासरी चार पिढ्या बुकबाइंडिंगचा धंदा, आणि घरातलं मराठी ऐकलं तर सदाशिव पेठेने वही काढून लिहून घ्यावं. मुलगी जन्मली तेव्हा पाळी सत्यशीलाची होती. ऑपरेशनच्या खोलीतून आणलेलं बाळ पुसून पहिला लंगोट तिनेच बांधला.

तिसऱ्या दिवशी नसीमबानू पर्समध्ये मधाची इवलीशी बाटली आणि चांदीचा चमचा घेऊन आली. त्यांच्याकडे घुट्टी, म्हणजे बाळाला पहिलं बोट चाटवायचं, ते घरातल्या सगळ्यात चांगल्या स्वभावाच्या माणसाने. त्याचा गुण बाळात उतरतो, असं ते धरून चालतात. सिस्टरनी बाटली बघितली आणि दारातच हात आडवा केला. उत्कर्षा पुढे आली. तिने बाईंना बाजूला बसवून समजावलं की या पोटांना मध चालत नाही, त्यात वाईट जंतू असू शकतात, आणि मग तिला राहवलं नाही म्हणून रिकाम्या घराची गोष्टही सांगितली. आधी जो आत पोचतो तो राहतो, वगैरे.

नसीमबानूने ते शांतपणे ऐकलं. "म्हणजे आमचे वाडवडील अगदीच वेडे नव्हते," ती म्हणाली. "मग हिच्या पोटात आधी कोण पोचलं असेल?"

"ते सांगता येत नाही हो. पण पहिला हात म्हणाल, तर या मावशींचा."

नसीमबानू उठली. तिने सत्यशीलाचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. गेल्या कित्येक वर्षांत या विभागात कुणी तो हात असा धरला नव्हता. "मग झालं तर," ती म्हणाली. "आमच्या नातीची घुट्टी तुमच्या हातची. हिचा स्वभाव तुमच्यावर जाणार, मावशी. आम्हाला चालेल."

यापेक्षा चांगलं तिच्याशी कुणी कधी बोललं नसेल. सत्यशीलाला मात्र ‘पहिला हात’ एवढंच ऐकू आलं. ती हात सोडवून घेऊन मोरीपाशी गेली आणि पुन्हा कोपरापर्यंत धुवायला लागली.

त्याच आठवड्यात उत्कर्षाने विभागातल्या सगळ्यांच्या हातांचे नमुने घेतले होते. डॉक्टर, सिस्टर, आया, सगळ्यांनी दोन-दोनदा बोटांची टोकं चपट्या गोल ताटलीतल्या लालसर थरावर टेकवायची. ताटल्या खाली प्रयोगशाळेत उबेत ठेवायच्या, म्हणजे हातावर जे काही असेल ते वाढून दिसेल. दोन दिवसांनी सत्यशीला नळ्या द्यायला खाली गेली. प्रयोगशाळेतल्या गंधारने उत्साहाने एक ताटली तिच्यापुढे धरली. "मावशी, हे बघा. तुमचा हात."

तिने पाहिलं. लालसर थरावर पाच बोटं उगवली होती. पांढरट, पिवळसर, ठिपक्याठिपक्यांची, थरापासून जरा वर उचललेली. कुणाचा हात हे ताटलीवर लिहायची गरज नव्हती. करंगळीचा ठसा वाकडा होता, आणि तिची करंगळी लहानपणी विहिरीच्या रहाटात सापडून वाकडी झाली होती. दोन दिवस ती वर लंगोट बदलत होती, घरी भाकरी थापत होती, झोपत होती. तेवढ्या वेळात खाली अंधाऱ्या कपाटात तिच्या बोटांची दुसरी बोटं वाढत होती.

"हे जिवंत आहे काय?" तिने विचारलं.

"एकदम. ठेवलं तर आणखी वाढेल," गंधार म्हणाला, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला म्हणून तो बाहेर गेला. इथे तिने थांबून त्याला विचारायला हवं होतं. या ताटलीचा अर्थ काय, बाकीच्यांचे हात कसे आले, एवढं तरी. पण अठरा वर्षं जिने सांगितलेलं कुणी ऐकून घेतलं नाही, तिला विचारायची सवय राहणार कुठून? तिने नळ्या टेबलावर ठेवल्या आणि जिन्याने वर आली. लिफ्टचं बटण दाबायला तिला बोट पुढे करवेना.

त्या दिवशी तिने आपल्यापुरता निर्णय घेतला. बाकीच्या पेट्यांना ती दोन-दोन जोड हातमोजे घालून हात लावू लागली. सात नंबरला मात्र अजिबात लावायचा नाही. आधीच एकदा लागलाय, आता नको. जोडीदार आया इंदुबाई, तिला ती म्हणाली, सात नंबर तू कर, तुझे दहा-अकरा मी करते. इंदुबाईला दोनाच्या बदल्यात एक मिळत होतं, ती का नाही म्हणेल? इंदुबाई कामाला चोख, हाताने हलकी. फक्त कोरोना होऊन गेल्यापासून तिला उदबत्तीचाही वास येत नव्हता. हे सत्यशीलाला ठाऊक होतं. पण तिच्या मनात त्या वेळी फक्त हात होते, नाक नव्हतं.

मग रोजचं ते चालणं सुरू झालं. सहा नंबर झाला की सात नंबरकडे नजर न वळवता सरळ आठवर जायचं. जाताना श्वाससुद्धा रोखायचा, कोण जाणे श्वासातूनही जात असेल. दुपारी जिनत मुलीला उघड्या छातीशी धरून आरामखुर्चीत बसायची, वरून चादर. सत्यशीला मधल्या वाटेने जायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची. पहिल्या दिवसांत पांढरीफटक दिसणारी जिनत हळूहळू माणसांत येत होती. नवऱ्याशी फोनवर हसून बोलायची. मुलीचं नाव त्यांनी नाजिमा ठेवलं होतं. वजन बाराशे सत्तर झालं. जिनतचा चेहरा जितका मोकळा होत गेला, तितकं सत्यशीलाला वाटलं की आपण केलं ते बरोबर. आपला हात दूर आहे म्हणून घर नांदतंय.

नाजिमाच्या जन्मापासून सतराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला सात नंबरचं यंत्र वाजायला लागलं आणि थांबेना. पोट टणक झालं होतं, चकचकीत, बेंबीभोवती निळसर. नळीतून हिरवं आलं. दुपारी ऑपरेशन झालं. उघडून बघितलं तर वाचवावं असं फारसं आतडं उरलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चार वाजता सगळं संपलं. फैझलने मुलीला पांढऱ्या कापडात घेतलं. नसीमबानू त्याच्या मागून चालत होती, आणि दारातून जाताना तिने सत्यशीलाकडे बघून मान हलवली, आपल्या माणसाकडे बघून हलवतात तशी. सत्यशीला भिंतीला टेकून उभी होती. तिला रडू आलं नाही. पहिल्या स्पर्शानेच व्हायचं ते झालं, मागाहून दूर राहून काय उपयोग, एवढंच डोक्यात फिरत होतं.

त्यानंतर दहाव्या दिवशी ती उत्कर्षाकडे गेली, नोकरी सोडते म्हणून सांगायला. कारण सांगितलं नाही, गुडघे दुखतात म्हणाली. उत्कर्षाला धक्का बसला. तिने अडवलं नाही, पण जायच्या आधी एक काम करून जा, अशी विनंती केली. फ्रीजरमधल्या बारा नळ्या तिने काढून कोमट करून ठेवल्या होत्या. वर नुसते आकडे, कुठली कुणाची हे उत्कर्षालाही यादी उघडल्याशिवाय कळू नये अशी व्यवस्था. मावशींनी प्रत्येकीचा वास घ्यायचा आणि सांगायचं. दुपारचे तीन वाजले होते, खोलीत ऊन होतं. कपाटाएवढे दोन फ्रीजर एका सुरात घरघरत होते. त्यांच्या पोटात वर्षभरातल्या सगळ्या बाळांचे सगळे दिवस ओळीने ठेवलेले होते. घरी गेलेल्यांचे आणि न गेलेल्यांचे.

एक, दोन, तीन. काही नाही. चौथीत ताकाचा आंबूसपणा. आठवीपर्यंत तसंच. नववीचं झाकण उघडताच गोडसर वास वर आला. मागाहून लोखंड. बर्फातून उठूनही तो तसाच होता, एवढासुद्धा शिळा न झालेला.

"हे," सत्यशीला म्हणाली. "हे लेकरू परवा आजारी पडणार."

उत्कर्षाने बाराही नळ्या पूर्ण होऊ दिल्या, मग यादी उघडली. तिचं बोट नऊवर थांबलं. सात नंबरची पेटी, पंधरावा दिवस, सकाळचा लंगोट. नमुना घेणाऱ्याच्या रकान्यात इंदुबाईची सही.

उत्कर्षा आधी तिच्या नाकाबद्दलच बोलत राहिली, बाराच्या बारा नळ्या बरोबर ओळखल्या म्हणून. मग तिला काहीतरी आठवलं. हातांचे निकाल आले होते, तेही तिने सांगितले. प्रत्येकाच्या दोन ताटल्या होत्या, एक हात धुवायच्या आधीची, एक नंतरची. आधीच्या ताटलीत जगातल्या कुणाच्याही हातावर काहीतरी उगवतंच. नंतरच्या ताटलीत मावशींचं काहीच उगवलं नव्हतं. अख्ख्या विभागात सगळ्यात स्वच्छ हात तिचा. आणि नाजिमाच्या पोटातला तो जंतू विभागातल्या कुठल्याच हातावर सापडला नव्हता. मोरीत नाही, नळ्यांत नाही. तो कुठून आला, ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. कदाचित कळणारही नव्हतं.

"पण मावशी," उत्कर्षा यादीकडे बघत म्हणाली, "सात नंबर तर तुमच्याकडे होता ना?"

सत्यशीलाने तिला सगळं सांगितलं. घुट्टीचं, ताटलीचं, वाकड्या करंगळीचं.  उत्कर्षाने नळ्या उचलून खाचांत ठेवायला घेतल्या. दोनदा चुकीच्या खाचेत ठेवून पुन्हा काढल्या.

नोकरी सत्यशीलाने सोडली नाही. सोडायचं जे कारण होतं ते खोटं निघालं होतं, आणि खरं कारण असं होतं की त्यापायी तिला रोज तिथे येणं भागच होतं. हातमोज्यांची दुसरी जोड गेली. ती पुन्हा प्रत्येक लंगोट उघड्या नाकाने उलगडू लागली. जिनतला भेटून सांगायला हवं, हे तिला कळत होतं. पत्ता विचारून ठेवला होता, जायला पाय मात्र उचलत नव्हते.

शेवटी जिनतच आली. फेब्रुवारी संपत आला होता. तिच्या हातात थंड पेटी होती. नाजिमासाठी काढून घरी गोठवलेलं आणि त्यानंतरही येत राहिलेलं दूध ती इस्पितळाच्या दूधपेढीत द्यायला आली होती. छत्तीस बाटल्या, प्रत्येकीवर तिच्या अक्षरात नाव आणि तारीख. पेढीतल्या बाई बाटल्या तपासत होत्या, तोवर ती बाहेरच्या बाकावर बसली. सत्यशीला समोर जाऊन उभी राहिली. 

"बसा ना, मावशी," जिनत म्हणाली. "मला तुम्हाला एक विचारायचं होतं. तुम्हाला वास येतो, हे डॉक्टर उत्कर्षांनी मला सांगितलंय."

सत्यशीला बाकाच्या कडेला टेकली.

"मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, दूध काढायच्या खोलीत. तुम्ही जिथे थांबता तिथे काहीतरी होतं म्हणून. मी शिकलेली आहे, मला ते पटलं नाही. पण मी रोज तुमची पावलं बघायचे. तुम्ही सहा नंबरवरून निघालात की माझा जीव गोळा व्हायचा. तुम्ही सरळ पुढे गेलात की मी श्वास सोडायचे. रोज, अगदी शेवटपर्यंत." ती थांबली. "यंत्र वाजलं त्याच्या आदल्या दिवशी नाजिमा छातीवर होती तेव्हा तिचं पोट मला कडक लागलं. मी सिस्टरना हाक मारणार होते. हात वरसुद्धा केला होता. तेवढ्यात तुम्ही समोरून गेलात. थांबला नाहीत. म्हणून मी हात खाली घेतला."

आतून पेढीतल्या बाईंनी जिनतचं नाव पुकारलं. ती उठली नाही.

"तुम्ही थांबला असतात, तर तुम्हाला वास आला असता ना?"

सत्यशीलाने तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायला जागा होती. तसं बोलली असती तर ते चांगलंही ठरलं असतं, कदाचित.

"आला असता," ती म्हणाली.